स्फुरद: पोत्यातलं, मातीतलं आणि उजनीतलं (सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मोहोळ तालुक्यात आमची सात एकर काळी जमीन आहे. निम्मी रब्बी ज्वारी-हरभऱ्याला, निम्मी उसाला. गावातल्या गटासाठी मातीचे नमुने गोळा करायचे आणि आलेले अहवाल समजावून सांगायचे, हे काम गेली काही वर्षं माझ्याकडं आहे. त्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथं एकत्र केलेत. डीएपीचा (डायअमोनियम फॉस्फेट, नत्र आणि स्फुरद देणारं दाणेदार खत) तुटवडा पडला की सगळे दुकानाकडं धावतात. पण आपल्या जिल्ह्यात स्फुरदाचा मोठा साठा पायाखालीच आहे, आणि तो नीट वापरणं आपल्या हातात आहे, असं माझं ठाम मत झालंय. ते का, हे पुढं येईलच.

स्फुरद म्हणजे नेमकं काय? पोत्यावरच्या ४६ चा अर्थ काय?

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पानानं उन्हातून मिळवलेली ऊर्जा पेशीत जिथं लागेल तिथं पोचवणाऱ्या रेणूत स्फुरद असतं. डीएनएच्या साखळीत ते असतं, आपल्या हाडांत आणि दातांतही असतं. पिकाला त्याची सर्वांत जास्त गरज सुरुवातीला, मुळ्या फुटताना लागते, आणि नंतर दाणा भरताना.

पोत्यावरचा आकडा जरा फसवा आहे. डीएपीवर १८:४६:० लिहिलेलं असतं, म्हणजे अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश (पोटॅश) यांचे टक्के. त्यातले ४६ टक्के हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या (फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या संयुगाच्या) हिशेबानं असतात. नुसता फॉस्फरस मोजला तर तो त्याच्या ४४ टक्के भरतो. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २३ किलो ‘स्फुरद’ लिहिलं असलं तरी मूळ फॉस्फरस साधारण १० किलो. शिफारशी पेंटॉक्साइडमध्येच दिलेल्या असतात, त्यामुळं रोजच्या हिशेबात अडत नाही. माती परीक्षणाचा अहवाल वाचताना मात्र अडतं. ते शेवटी सांगतो.

नत्र हवेतून बनवता येतं. मग स्फुरद का बनवता येत नाही?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. तो खेचून अमोनिया बनवायची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सापडली आणि युरियाचे कारखाने उभे राहिले. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी तर हेच काम फुकटात करतात. स्फुरदाचं तसं नाही. ते हवेत वायूरूपात नाही. ते मूलद्रव्य आहे, त्यामुळं कारखान्यात दुसऱ्या कशापासून तयार करता येत नाही. आणि पिकाच्या शरीरात त्याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही. जमिनीतून खणून काढा, नाहीतर एकदा वापरलेलं परत मिळवा, एवढेच दोन मार्ग.

खतातलं स्फुरद येतं कुठून?

खडकातून. लाखो वर्षं समुद्राच्या तळाशी साचत गेलेल्या थरांचा फॉस्फेट खडक होतो. त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की फॉस्फोरिक आम्ल मिळतं आणि त्यात अमोनिया मिसळून डीएपी तयार होतं. १८४२ मध्ये इंग्लंडात सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं गेलं, तिथून हा रासायनिक धंदा सुरू झाला. त्याआधी हाडं दळून टाकत, पेरूच्या बेटांवरून पक्ष्यांची विष्ठा जहाजं भरून आणत.

आज जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. पश्चिम सहारातल्या बू क्रा खाणीतून किनाऱ्यापर्यंत खडक वाहून नेणारा पट्टा जवळपास १०० किलोमीटर लांब आहे. सोलापूर-पंढरपूर अंतराहून लांब. उत्पादनात मात्र चीन पहिला.

आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला खाण आहे, मध्य प्रदेशातही थोडा खडक निघतो. तो पुरत नाही. भारताची स्फुरदाची जवळपास ९० टक्के गरज बाहेरून भागते: कुठं तयार डीएपी, कुठं आम्ल, कुठं कच्चा खडक. जॉर्डन, मोरोक्को, सौदी अरेबिया, सेनेगल, इजिप्त. म्हणजे पोत्यावर छापलेला कारखाना आपल्या देशातला असला तरी आतला माल बहुतेक वेळा समुद्र ओलांडून आलेला असतो.

मग हा साठा किती वर्षं पुरेल? २०३० नंतर संपणार असं ऐकलंय.

ते ‘२०३० च्या सुमारास शिखर’ असं भाकीत होतं. २००९ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की तोवर खाणीतलं उत्पादन शिखर गाठेल आणि मग उतरेल. पुढच्याच वर्षी मोरोक्कोच्या साठ्यांचा अंदाज कितीतरी पटींनी वाढवला गेला आणि ते भाकीत मागं पडलं. आजचे ज्ञात साठे ७० अब्ज टनांहून जास्त धरतात आणि वर्षाला साधारण २२ ते २४ कोटी टन खडक काढला जातो. भागाकार केला तर तीनशे वर्षं येतात.

त्या तीनशेनं मला धीर येत नाही. चांगला खडक आधी काढला जातो, उरलेला हलका असतो आणि त्यात कॅडमियमसारखे जड धातू जास्त येऊ शकतात. त्यात किल्ली मोजक्या देशांच्या हातात. २००७-०८ मध्ये खडकाचा भाव वर्षभरात आठपटीच्या पुढं गेला, तेव्हा खडक कुठंच संपलेला नव्हता. २०२१ पासून चीननं निर्यातीला लगाम घातला, तेव्हाही संपलेला नव्हता. युरोपीय संघानं २०१४ मध्ये फॉस्फेट खडकाला अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत टाकलं, ते याच काळजीनं. नाउरू नावाचं एक छोटं बेट आहे. तिथला फॉस्फेट विसाव्या शतकात जवळजवळ सगळा उपसला गेला आणि बेटाच्या मधल्या भागात चुनखडीचे सुळके तेवढे उरले. एका बेटाचं झालं ते सगळ्या जगाचं लगेच होणार नाही. पण ज्याची खाण त्याचं चालतं, हे लक्षात ठेवायला हवं.

ऐन पेरणीत डीएपी का मिळत नाही?

मागणी सगळीकडं एकाच वेळी येते आणि माल जहाजानं येतो. बाहेरचा भाव चढलेला असताना इथली किंमत बांधलेली असेल, तर आयातदार हात आखडतो. २०१० च्या एप्रिलपासून स्फुरद-पालाशच्या खतांना त्यातल्या अन्नद्रव्यानुसार अनुदान मिळतं. शिवाय गेली काही वर्षं डीएपीचं पोतं १,३५० रुपयांवर धरून ठेवलं गेलं, त्यासाठी सरकारला वेगळा बोजा उचलावा लागला. युरिया या पद्धतीत नाही. त्याचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना. त्यामुळं हात आपसूक युरियाकडं जातो आणि जमिनीचा तोल बिघडतो.

आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका दुकानात डीएपीच्या दोन पोत्यांबरोबर मला नको असलेली द्रव खताची बाटली घ्यायला लावली. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात. वाफसा निघून चालला होता, म्हणून मी मुकाट घेतली. तेव्हा घरात अहवाल असता तर कळलं असतं की त्या रानाला त्या वर्षी डीएपीची घाईच नव्हती.

आमच्या काळ्या जमिनीत टाकलेलं स्फुरद जातं कुठं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

आपली काळी जमीन चुनखडीची. सामू (मातीचा पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर, पुष्कळदा आठच्या पुढं. विहिरीच्या कडेला माती कापलेली दिसते तिथं बघा, काळ्या थरात पांढरे खडे दिसतील. ते चुन्याचे. डीएपीचा दाणा ओल धरून विरघळला की त्यातलं स्फुरद या चुन्याच्या कॅल्शियमशी जखडतं आणि हळूहळू न विरघळणाऱ्या रूपात जातं. पहिल्या हंगामात टाकलेल्यापैकी साधारण १५ ते २५ टक्केच पिकाला मिळतं. बाकीचं मातीत राहतं.

‘राहतं’ हा शब्द नीट वाचा. ते वाया गेलेलं नसतं. युरियातलं नत्र उडून जातं, पाण्याबरोबर खाली उतरतं. स्फुरद जागा सोडत नाही. पूर्वी आपल्याकडं ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात भरत. पेव बुजवलं की वरून काही दिसत नाही, पण धान्य असतं, आणि ते काढायला पेव उघडावं लागतं, आत उतरावं लागतं. काळ्या रानातलं स्फुरद असंच पेवात पडलेलं आहे. वर्षानुवर्षं ऊस, द्राक्ष, डाळिंब घेतलेल्या रानांत तर भरपूर. आमच्या गटाच्या अहवालांत बागायती रानांचं स्फुरद बहुतेक वेळा मध्यम किंवा त्याहून जास्त निघतं. खडकाळ माळावरच्या कोरडवाहू रानांत ते कमी निघतं. आणि खत पडतं ते बागायतीलाच जास्त.

मग खत कसं द्यावं?

वडील ज्वारीला डीएपी फेकून द्यायचे. एका वर्षी परतीचा पाऊस गेला आणि पुढं थेंब नाही. जानेवारीत मी दोन-तीन ताटं मुळासकट उकरली. वरच्या दोन बोटांच्या कोरड्या मातीत डीएपीच्या दाण्यांची करडी टरफलं जशीच्या तशी. मुळ्या मात्र वीतभर खाली, ओल शोधत गेलेल्या. दोघांची गाठच पडलेली नव्हती.

स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. मूळ त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे, ते मुळापर्यंत येत नाही. म्हणून ते पेरतानाच, बियाच्या थोडं खाली आणि बाजूला पडायला हवं. दोन चाड्यांची पाभर त्यासाठीच असते, एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र असेल तर खताची नळी बियाच्या नळीपेक्षा खोल बसवून घ्या. दाणेदार खत ओळीत एकत्र पडलं की ते मातीच्या कमी भागाला शिवतं आणि कमी जखडतं, हा दुसरा फायदा. फेकून दिलेलं खत सगळ्या चुन्याला ओवाळून टाकल्यासारखं होतं.

उभ्या पिकात वरून डीएपी फेकणं मी पूर्ण थांबवलंय.

कोणत्या पिकाला किती?

शिफारशी हेक्टरी असतात आणि आपण एकरात विचार करतो, गोंधळ तिथंच होतो. भारी जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ६० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद. एकरी १२ किलो स्फुरद झालं, म्हणजे डीएपीचं अर्ध्याहून किंचित जास्त पोतं. मध्यम जमिनीत त्याहून कमी. हरभरा-तुरीला हेक्टरी २५ नत्र, ५० स्फुरद, म्हणजे एकरी एका पोत्याच्या आतच.

सुरू उसाला हेक्टरी २५०:११५:११५. एकरी स्फुरद ४६ किलो, बरोबर दोन पोती डीएपी. निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला. एकरी चार-चार पोती टाकणारे मी पाहिलेत आणि त्यांच्या अहवालात स्फुरद ‘अत्यंत जास्त’ आलेलंही पाहिलंय. आडसाली आणि पूर्वहंगामी उसाला मात्रा जास्त असते, हे खरं, पण तीही चार पोत्यांपर्यंत जात नाही. डाळिंबाच्या मोठ्या झाडाला वर्षाला २५० ग्रॅम स्फुरदाची सर्वसाधारण शिफारस आहे. बहाराचं नियोजन करताना केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्या, बागेचं वय आणि अहवाल बघून तो बदलतो.

आणि हे सगळे आकडे अहवालात स्फुरद मध्यम असलेल्या जमिनीचे. अहवालात स्फुरद जास्त असेल तर मात्रा कमी करायची असते. ती कमी करायला हात धजत नाही, कारण शेजारच्यानं टाकलेलं दिसत असतं. मी स्वतः पहिल्या वर्षी एकाच पट्ट्यात धाडस केलं.

डीएपी की सिंगल सुपर फॉस्फेट?

सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक. तीन पोती सुपर आणि अर्धं पोतं युरिया म्हणजे जवळपास एक पोतं डीएपी, वर सुमारे साडेसोळा किलो गंधक मिळतं. कांदा, तूर, सोयाबीन, करडई यांना गंधक हवंच असतं, म्हणून या पिकांना मी सुपरच घेतो. अडचण ओझ्याची आहे. तीन पोती उचलायची, वाहतूक जास्त. ज्वारीला डीएपी किंवा २०:२०:०:१३ (शेवटचे १३ गंधकाचे) चालतं. दुकानात जे मिळेल ते घ्यायचं तरी वहीत किलोचा हिशेब मांडा, पोत्यांचा नको.

रॉक फॉस्फेट स्वस्त मिळतं. तेच टाकलं तर?

आपल्या रानात थेट टाकू नका. कच्चा खडक आम्लधर्मी मातीत विरघळतो. कोकणात त्याचा उपयोग आहे. आठ सामूच्या चुनखडी जमिनीत तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहील. कंपोस्टच्या खड्ड्यात शेणाबरोबर कुजवून वापरला तर गोष्ट वेगळी, कुजताना निघणारी आम्लं त्याला थोडं मोकळं करतात.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू खरंच काम करतात का?

करतात, पण मर्यादेत. हे जिवाणू मुळाभोवती सेंद्रिय आम्लं सोडतात आणि जखडलेलं स्फुरद थोडं थोडं सुटं करतात. त्यांना खायला सेंद्रिय कर्ब लागतो. कर्ब नसलेल्या रानात पाकीट ओतून काही घडत नाही, आणि मग शेतकरी म्हणतो पैसे बुडाले.

बियाण्याला १० किलोमागे २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवून लगेच पेरायचं. उसाच्या टिपऱ्यांसाठी १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि सव्वा किलो स्फुरद जिवाणू, अर्धा तास बुडवून लागण. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकिटावरची मुदत बघा आणि ते उन्हात ठेवलेलं नव्हतं ना, हे विचारा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेलं पाकीट मी तरी घेणार नाही.

मायकोरायझा ही बुरशी वेगळ्या तऱ्हेनं मदत करते. मुळाला जिथं पोचता येत नाही तिथं तिचे धागे पोचतात. डाळिंबाची रोपं लावताना ती खड्ड्यात, मुळाला लागून द्यायची.

नॅनो डीएपीनं पोत्याची गरज संपते का?

नॅनो डीएपी हे द्रव खत. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ८ टक्के नत्र आणि १६ टक्के स्फुरद, म्हणजे साधारण ८० ग्रॅम स्फुरद. पोत्यात २३ किलो. पानावर फवारून उभ्या पिकाला आधार मिळेल, पण दाणा आणि कडब्यातून रानातून निघून जाणारं स्फुरद त्यानं भरून निघत नाही. शंभर किलो ज्वारीच्या दाण्यातच पेंटॉक्साइडच्या हिशेबात सहाशे-सातशे ग्रॅम स्फुरद बाहेर जातं. ज्या रानात साठा भरपूर आहे तिथं फवारणीवर एखादा हंगाम काढता येईल. माळरानावर मी तो धोका घेणार नाही.

ठिबकमधून स्फुरद देताना काय सांभाळावं?

साधं डीएपी ठिबकमध्ये सोडू नका. १२:६१:०, ०:५२:३४ किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरा. आपलं बोअरचं पाणी जड असतं, त्यातला चुना आणि स्फुरद एकत्र आले की पांढरा गाळ बसतो आणि ड्रीपर बंद. कॅल्शियम नायट्रेट त्याच दिवशी, त्याच टाकीत कधीच नको. सोपी चाचणी अशी: काचेच्या बरणीत तुमच्याच विहिरीचं पाणी घ्या, ज्या प्रमाणात सोडणार त्याच प्रमाणात खत मिसळा आणि काही तास ठेवून द्या. पाणी दुधाळ झालं तर ते खत त्या पाण्यातून जाणार नाही.

जास्त स्फुरद टाकलं तर बिघडतं काय? उरेल ते मातीतच राहणार ना?

राहणार, पण जस्त आणि लोहाची वाट अडवून. चुनखडी जमिनीत ही दोन्ही आधीच मुळाला दुर्मीळ असतात, त्यात स्फुरदाचा भार वाढला की अडचण दुप्पट. खोडव्यात (तोडणीनंतर फुटून आलेल्या उसात) कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, त्याला आपण केवडा म्हणतो. मूळ कारण चुना आणि लोहाची कमतरता, पण स्फुरदाचा अतिरेक त्यात भर घालतो. मग शेतकरी फेरस सल्फेट आणतो, झिंक आणतो. आधी डीएपीवर जास्तीचा खर्च, मग त्या खर्चानं केलेलं निस्तरायला दुसरा खर्च.

कमतरता पिकावर ओळखता येते का?

मक्याच्या आणि ज्वारीच्या कोवळ्या रोपाच्या खालच्या पानांच्या कडा जांभळट होतात, वाढ खुंटते, पानं गडद निस्तेज हिरवी. पण कडाक्याच्या थंडीतही असा जांभळेपणा येतो. नुसत्या रंगावरून खत टाकू नका.

शेणखत, मेंढरं, प्रेसमड, पाचट यांतून किती स्फुरद मिळतं?

चांगल्या कुजलेल्या शेणखतात टनामागे दोन-अडीच किलो. आकडा लहान वाटतो, पण शेणखताबरोबर येणारा कर्ब आणि कुजताना सुटणारी आम्लं पेवात पडलेलं स्फुरद उघडतात, तो फायदा या किलोंत मोजला जात नाही. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून ओळीत दिलं तर ते चुन्यापासून काही काळ बचावतं. आमच्याकडं आता हीच पद्धत आहे. उकिरड्यावर ऊन-पाऊस खात पडलेलं खत मात्र निम्मं मेलेलं असतं, त्याला खड्डा आणि सावली द्या.

सांगोला-माळशिरसकडचे धनगर मेंढरं घेऊन येतात, तेव्हा रानात दोन-चार रात्री मेंढरं बसवून घ्या. लेंडीखत आणि मूत्र दोन्ही जागेवरच मुरतं, वाहतूक नाही. आमच्या आजीनं हा व्यवहार धान्यावर केलेला मला आठवतोय.

प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, हा आपल्या जिल्ह्याचा खरा ठेवा आहे. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर येतं. रस स्वच्छ करताना चुना आणि फॉस्फोरिक आम्ल वापरतात आणि रसातलं बरंच स्फुरद गाळाबरोबर खाली बसतं. वाळलेल्या प्रेसमडमध्ये साधारण एक ते तीन टक्के स्फुरद असतं. उसाबरोबर आपल्याच रानातून गेलेलं ते परत आणायचं. पण ताजा, गरम, मेणचट प्रेसमड थेट टाकू नका, ढीग लावून महिना-दोन महिने कुजू द्या.

पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळल्यावर स्फुरद राखेत उरतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण नत्र आणि कर्ब धुरात जातो, राख वाऱ्यानं आणि पहिल्या पावसानं वाहून जाते. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकून सरीत कुजवलं तर कर्ब रानातच राहतो.

उजनीचं पाणी हिरवं पडतं, त्याचा स्फुरदाशी काय संबंध?

थेट संबंध. गोड्या पाण्यात शेवाळ किती माजेल हे बहुतेक वेळा तिथल्या स्फुरदावर ठरतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि पुढं भीमेतून उजनीत येतं, त्यात माणसांचं मलमूत्र आणि धुण्याची पावडर असते. वर पाणलोटातल्या रानांतून वाहून येणारी माती. स्फुरद मातीच्या कणाला चिकटून जातं, त्यामुळं वरची माती वाहिली की खतही वाहिलं. ११७ टीएमसीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून गाळ आणि स्फुरद दोन्ही साचतंय.

मागं पाणलोटाच्या कडेला एका मच्छीमाराच्या होडीत बसलो होतो. हात पाण्यात घातला तर तो हिरव्या रंगात बुडवल्यासारखा वर आला, नखांच्या कडांना पोपटी चिखल. हेच पाणी शुद्ध करून सोलापूर शहर पितं. वरच्या शहरांनी सांडपाण्यातलं स्फुरद काढून घ्यायला हवं, यात मला कुठलीही भीड वाटत नाही. पण बांध, समतल पेरणी, ओढ्याकाठी गवताची पट्टी हे आपल्या वाट्याचं काम आहे. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गावतळ्याचा गाळ रानात आणता येतो. हलक्या माळाला तो जरूर आणा.

सांडपाण्यातून स्फुरद परत मिळवता येतं का?

येतं. स्फुरद मुळात सापडलं तेच मूत्रात. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या किमयागारानं सोनं शोधताना मूत्र आटवलं आणि अंधारात चमकणारा पदार्थ हाती आला. आपल्याकडं मैल्यापासून केलेल्या खताला सोनखत म्हणत, त्या नावामागं शेतकऱ्याचा अनुभव होता. मात्र कच्चा मैला रानात टाकणं रोगाला आमंत्रण आहे, आणि ज्या लोकांच्या डोक्यावरून तो वाहवला गेला त्यांच्यावर झालेला अन्याय पुन्हा नको. आजची पद्धत यंत्रांची आहे. सांडपाण्यात मॅग्नेशियम घालून स्ट्रुव्हाइट नावाचे खडे तयार करतात, ते थेट खत म्हणून चालतात. जर्मनीनं २०१७ मध्ये कायदा केला की मोठ्या शहरांच्या मलनिस्सारण केंद्रांनी २०२९ पासून स्फुरद परत मिळवायचं.

आपल्याच जिल्ह्यातला हिशेब करून बघा. माणूस दिवसाला साधारण १.३ ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो, त्यातला बराचसा मूत्रातून. आषाढीला पंढरपुरात दहा लाख वारकरी धरले तर एका दिवसात १,३०० किलो. पेंटॉक्साइडमध्ये जवळपास तीन टन. डीएपीची सुमारे १३० पोती, एका दिवसाची. वाखरीपासून चंद्रभागेपर्यंत हजारो तात्पुरती शौचालयं लागतात, तिथं मूत्र वेगळं साठवायची सोय झाली तर हे नदीत न जाता रानात जाईल. मला हे शक्य कोटीतलं वाटतं.

डीएपी बनावट आहे का, हे घरी कसं ओळखावं?

दाणे तळहातावर घेऊन चुना लावून तंबाखूसारखे चोळा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला पाहिजे. दुसरी खूण, मंद आचेवर तव्यात टाकल्यावर खरे दाणे फुगतात. खरा दाणा टणक असतो, नखानं सहज फुटत नाही. शंका आली तर पक्कं बिल आणि पोतं जपून ठेवा आणि कृषी अधिकाऱ्यांकडून नमुना तपासून घ्या.

माती परीक्षण कधी आणि कसं करावं, अहवालात स्फुरद कसं वाचावं?

पीक निघाल्यावर, रान मोकळं असताना, खत टाकायच्या आधी. ज्वारीच्या रानाचा नमुना मी एप्रिल-मेमध्ये घेतो. नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती खुरप्यानं वरपासून खालपर्यंत सारखी कापून घ्यायची. सगळी माती घमेल्यात कालवून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाखाल, उकिरड्याची जागा टाळा. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नका, आमच्या गटात एकदा तसं झालं आणि अहवाल भलताच आला. फळबागेसाठी खोलीचे थर वेगळे घ्यावे लागतात.

आपल्या चुनखडी जमिनीसाठी स्फुरदाची तपासणी ओल्सन नावाच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं हवी. अहवाल हातात पडला की पहिल्यांदा विचारा, आकडा फॉस्फरसचा आहे की पेंटॉक्साइडचा. हेक्टरी १५ किलो फॉस्फरस म्हणजे सुमारे ३४ किलो पेंटॉक्साइड, एकच जमीन आणि दोन आकडे. फॉस्फरसच्या हिशेबात हेक्टरी दहाच्या खाली कमी, पंचवीसच्या वर जास्त, असं ढोबळमानानं धरतात. सामू, मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब याच कागदावर असतात, तेही सोबत वाचा. मी धाडस केलेल्या त्या पट्ट्याचा पहिला आकडा ३८ होता. तीन हंगाम निम्म्या मात्रेवर काढल्यावर तो ३३ आला, आणि उसाच्या वजनात शेजारच्या पट्ट्याहून फरक पडला नाही.